शर्टाच्या आतला माणूस

बाबा आता माझ्या ड्रॉइंग बोर्डावर जेवतात. उशांना टेकून पलंगावर बसतात, मी त्यांच्या मांडीवर बोर्ड ठेवते, त्यावर जुना टॉवेल पसरते आणि टॉवेलावर ताट. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे असंच चाललंय. बोर्ड चांगल्या प्लायवूडचा आहे, कडा झिजल्यात, पिनांची भोकं अजून दिसतात. आज सकाळी त्यावर आमटी सांडली म्हणून ओल्या फडक्याने पुसायला घेतला, तर कोपऱ्यातल्या चिरेतून काळं पाणी आलं. इतक्या वर्षांनंतरही कोळसा आत बसलेला होता. बोटाला लागला आणि मला मुनिरक्याच्या त्या खोलीचा वास आला. ओल्या भिंतीचा, टर्पेंटाइनचा आणि हीटरच्या लाल दांडीवर जळणाऱ्या धुळीचा.

बाबांची आंघोळ राहिली आहे. त्यांचं सगळं करणारा रामसेवक संक्रांतीला गावी गेलाय, गोरखपूरकडे. तो तिला खिचडी म्हणतो आणि त्या दिवशी घरी नसणं त्याला चालत नाही. जाताना त्याने मला सगळं समजावून दिलं, स्टूल कुठे ठेवायचं, बाबांना कुठल्या हाताने धरायचं. पण मी आंघोळीचं नाव काढलं की बाबा पेपर वर धरतात आणि पेपराच्या मागून म्हणतात, उद्या बघू, फार गारठा आहे. गारठा आहेच. दिल्लीच्या द्वारकेतल्या या फ्लॅटच्या खिडकीतून समोरची इमारतसुद्धा सकाळी दहापर्यंत दिसत नाही. पण कारण ते नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. त्यांना लाज वाटते. खरं सांगायचं तर मलाही वाटते.

आमची ही लाज आंघोळीपुरती नाही. ती जुनी आहे, अशाच एका जानेवारीतली. त्या दिवसापासून बाबांना माझी लाज वाटते असं मी मनाशी धरून बसले आहे. खरं की खोटं, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. आई होती तोवर आमच्या दोघांमधलं बोलणं तीच बोलायची. आता तीही नाही.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. आता तिथे उंच टॉवर उभे राहिलेत. मध्ये एकदा रिक्षा तिथून गेली तेव्हा आमचा ब्लॉक नेमका कुठे होता हे मला सांगता येईना. एका कडुलिंबावरून ओळखायचा प्रयत्न केला, पण तो आमचा कडुलिंब होता की दुसरा कुठला, कोण जाणे. त्या घरातले ऋतू मात्र जसेच्या तसे आहेत. उन्हाळा म्हणजे कूलरची घरघर आणि ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास. दिवाळीच्या आधी सप्तपर्णी फुलायची आणि तिच्या उग्र वासाने आईचं डोकं चढायचं, ती संध्याकाळी सगळ्या खिडक्या लावून घ्यायची. मग एक दिवस खालून कापूस पिंजणाऱ्याच्या तारेचा टणटण आवाज यायचा आणि रजया गच्चीवर जायच्या. गच्चीवर शेजारणी मटार सोलत बसायच्या, आई त्यांच्यात बसून आपलं मोडकं हिंदी दामटत राहायची, आणि संत्र्यांच्या साली उन्हात वाळत पडलेल्या असायच्या.

आणि बाबांचा शर्ट. मे महिन्यात ब्लॉकमधले झाडून सगळे पुरुष बनियनवर अंगणात खाटा टाकून बसायचे. बाबा तेवढे पूर्ण बाह्यांच्या शर्टात, गळ्याचं बटणही लावलेलं. शेजारचे शर्मा अंकल दर उन्हाळ्यात त्यांना विचारायचे, भाईसाहब, दफ्तर घर ले आए क्या? बाबा हसायचे, पण बटण काढायचे नाहीत. आंघोळ करून ते न्हाणीघरातूनच शर्ट घालून बाहेर यायचे, ओल्या पाठीला कापड चिकटलेलं असायचं. बाबांचे उघडे खांदे मी लहानपणी कधी पाहिले नाहीत. पाहायचे असतात असंही वाटलं नाही. बाबा म्हणजे शर्टच.

चित्रांचं वेड त्यांच्याकडूनच आलं. साताऱ्याकडच्या शाळेत असताना ते इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा पास झाले होते आणि ते अजून सांगतात. ऑफिसच्या फायलींचे पाठकोरे कागद घरी आणून रविवारी मला स्मरणचित्रं काढून दाखवायचे. पाणवठा, बाजार, बैलपोळा. त्यांच्या चित्रांतली माणसं सगळी पाठमोरी असायची. चेहरे जमत नाहीत, हे त्यांनी कबूल करून टाकलं होतं. आई म्हणायची, तुमच्या बाजारात सगळे रुसून बसलेत की काय.

बी.ए.ला असताना मी मुनिरक्यातल्या एका रविवारच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद बाबांना झाला. बोर्ड त्यांनीच आणला. स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये तो उभा धरून मी बसले होते. रिंग रोडवर वारा बोर्डात शिरायचा आणि स्कूटर एका बाजूला ओढली जायची. बाबा पुढून ओरडायचे, नीट धर. मला त्यांच्या पाठीऐवजी सबंध रस्ताभर नवं प्लायवूड दिसत होतं.

क्लास मुनिरका गावात होता, एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात सगळ्या मजल्यांवरच्या भाड्याच्या खोल्यांच्या फोडण्यांचा वास कोंडलेला असायचा. बक्षी सर म्हणून एक उंच, चिडके गृहस्थ शिकवायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, घरातलं एक माणूस बसवून काढून आणा. मी बाबांना बसवलं. ते खुर्चीत ताठ बसले, घड्याळ बांधून, केस विंचरून, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे. मी शर्टाची प्रत्येक चुणी काढली, कॉलर काढली, खिशातलं पेनसुद्धा काढलं. आईला चित्र फार आवडलं. बक्षी सरांनी ते हातात धरलं, लांब धरलं, सगळ्या वर्गाला दाखवलं आणि म्हणाले, "शर्ट बढ़िया टँगी है. आदमी कहाँ है?"

वर्ग हसला. मला कान गरम झाल्याचं आठवतं. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले की कपडा काढायचा नसतो, कपडा ज्याच्यावर टेकलाय ते काढायचं असतं, आणि ते बघायला शिकायचं असेल तर पुढच्या रविवारपासून मॉडेल येणार आहे. मॉडेल म्हणजे काय ते मला मॉडेल आलं त्या दिवशीच कळलं.

त्यांचं नाव कमलाजी. पन्नाशीच्या असाव्यात, अंगाने भरलेल्या, पायांना भेगा पडलेल्या. आल्या की चप्पल भिंतीशी सरळ जोडून ठेवायच्या, चहा प्यायच्या, आणि कोपऱ्यात दोरीवर टाकलेल्या फुलाफुलांच्या चादरीच्या मागे जायच्या. बाहेर यायच्या ते अंगाला शाल गुंडाळून. चौकीवर बसायच्या, शाल सोडायच्या आणि समोरच्या भिंतीवर नजर लावायच्या. काचेच्या बांगड्या तेवढ्या त्या कधी काढत नसत.

पहिल्या रविवारी मी चौकी काढली. चादर काढली, तिच्यावरची फुलं काढली, खिडकीचे गज काढले. मधे कमलाजींची जागा पांढरी राहिली. बक्षी सर मागे येऊन उभे राहिले आणि माझं ईझल उचलून त्यांनी आणखी पुढे नेऊन ठेवलं. मी मान खाली घालून रडायच्या बेतात होते. सुशिक्षित घरातली, कॉलेजात जाणारी मुलगी मी, पण एका बाईच्या पाठीकडे बघताना वाटत होतं की कुणाच्या तरी घरात न विचारता शिरले आहे.

त्या वर्गात एक रीत होती, कुणी शिकवली नव्हती, आपोआप चालत आली होती. सरांनी बस, पुरे म्हटलं की आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करायचो. मागे शाल उचलल्याचा आवाज यायचा, मग बांगड्यांची किणकिण, आणि ती थांबली की कमलाजी घसा खाकरायच्या. मगच वळायचं. तासभर ज्या अंगाकडे टक लावून बघितलं, ते झाकताना मात्र बघायचं नाही. मला ही रीत फार आवडली होती. तिच्यामुळे मी पुढच्या रविवारी परत गेले, आणि त्याच्या पुढच्याही.

हळूहळू जमायला लागलं. बाह्यरेषेवरून सुरुवात करायची नाही, वजन कुठे पडलंय ते आधी शोधायचं. दोऱ्याला चावी बांधून लोंबती धरायची आणि मान कुठल्या टाचेवर येते ते बघायचं. एक खांदा उतरला की त्याच बाजूचा खुबा वर येतो. खुबा हा शब्द मला तेव्हा येत नव्हता. दिल्लीत वाढलेल्या आम्हा मुलांचं मराठी डोळे, नाक, हात, पाय एवढ्यावर संपायचं. सर कूल्हा म्हणायचे, मी घरी येऊन बाबांना विचारायची, कूल्ह्याला काय म्हणतात? खुबा. आणि पसलीला? बरगडी. बाबा कौतुकाने सांगायचे, पोटरी, घोटा, मणका, बगल. आई म्हणायची, चित्रकलेत एवढी हाडं कशाला लागतात तुम्हाला. मी फुलदाणीबद्दल काहीतरी बोलून विषय बदलायची.

एकदा सरांनी ब्रेड आणायला सांगितला. कोळशाची रेघ ब्रेडच्या मऊ लगद्याने छान उचलली जाते. मी घरी नुसतं म्हटलं, क्लासला ब्रेड लागतो. आईने डब्यात चार स्लाइस भरून दिले, लोणी-साखर लावून. मला ते कळलं तेव्हा चित्रातल्या कमलाजींच्या खांद्यावर तेलकट डाग पसरलेला होता आणि कागदाला मुंग्या येण्याची वेळ आली होती. उरलेले स्लाइस आम्ही वाटून खाल्ले, कमलाजींनीही खाल्ला. अच्छा है, म्हणाल्या, मम्मी ने बनाया? मी हो म्हटलं, आणि एकाएकी आईच्या लोण्याची आणि या खोलीची एकमेकांशी गाठ पडल्याचं लक्षात येऊन मी हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. घरी येताना नखांतला कोळसा मी जिन्याखालच्या नळावर टूथब्रशने काढायची. कागदांच्या गुंडाळ्या गादीखाली असायच्या. क्लासमधली लाज कमी होत होती, आणि तेवढीच घरातली वाढत होती.

डिसेंबरपासून एक लांबची पोज चालू झाली, कित्येक रविवार तीच. कमलाजी दाराकडे पाठ करून बसायच्या, त्यांच्या पुढ्यात एक दांडीचा हीटर. मला दाराजवळची जागा मिळाली होती, म्हणजे पाठ पूर्ण माझ्या वाट्याला. ती पाठ मला पाठ्यपुस्तकासारखी वाचता यायला लागली. पाठीच्या कातडीवर बारीक दाणे दिसायचे, ते मी कोळशाच्या टोकाने टिपटिप करून काढले. बक्षी सर थांबले, म्हणाले, खाल आ गई, म्हणजे कागदावर कातडी आली. एवढी मोठी शाबासकी त्यांनी त्या वर्षात कुणाला दिली नव्हती. मी सबंध आठवडा हवेत होते.

आणि त्याच पोजच्या एका रविवारी दार उघडलं. धुकं इतकं होतं की बसेस बंद पडल्या होत्या. मुलगी घरी कशी येणार म्हणून बाबा स्कूटर घेऊन मला न्यायला आले होते आणि पत्ता विचारत तिसऱ्या मजल्यावर पोचले होते. त्यांनी माकडटोपी घातली होती, चष्म्यावर वाफ होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे नाही, समोर बघितलं. कमलाजींनी मान वळवली. बांगड्या वाजल्या. दार हळूच लागलं.

मी खाली उतरले तेव्हा ते रुमालाने सीट पुसत होते, पुसलेली सीटच पुन्हा पुसत होते. घरी येईपर्यंत एवढंच बोलले, नीट धर. बोर्ड आमच्या मध्ये होता आणि या वेळी मला तो असल्याचं बरं वाटलं. आईला त्यांनी काही सांगितलं नाही. मला काही विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांनी पाठकोरे कागद आणणं बंद केलं आणि मी त्यांना शब्द विचारणं बंद केलं. पुढे क्लासही सुटला. गादीखालचे कागद मी एका दुपारी फाडले, भंगारवाल्यालाही दिसू नयेत म्हणून बारीक बारीक फाडले. लोणी लागलेला कागद लवकर फाटत नव्हता. नंतर नोकरी आली, लग्न आलं, मोडलं. बोर्ड मात्र प्रत्येक घर बदलताना बरोबर आला. कधी त्यावर इस्त्री केली, कधी तो कूलरच्या खिडकीला लावला.

आज दुपारी बाबांनी स्वतःच पेपर खाली ठेवला. कालपासून अंग खाजत होतं त्यांचं. म्हणाले, चल, उरकून टाक. मी हीटर न्हाणीघराच्या दारात ठेवला, पाणी काढलं, त्यांना वॉकरने नेऊन स्टुलावर बसवलं. ते शर्टाच्या पहिल्या बटणाला हात लावून थांबले. मी काही विचार न करता भिंतीकडे तोंड केलं. फरश्यांच्या सांधीकडे बघत उभी राहिले. मागे शर्ट उतरल्याचा आवाज आला, श्वास, टॉवेल ओढल्याचा आवाज. आणि मग बाबांनी घसा खाकरला.

मी वळले. बाबांचे खांदे मी पहिल्यांदा नीट पाहिले. डावा उजव्यापेक्षा उतरलेला आहे, आणि तो ऑपरेशनमुळे नाही, आयुष्यभराचा आहे. वर्षानुवर्षं शर्टाचा एक खांदा का घसरतो म्हणून आई टाके घालत बसायची, ते यामुळे. त्या खुर्चीतल्या चित्रात मी दोन्ही खांदे सारखे काढले होते. मी पाणी घालत राहिले. पाठीवर साबण लावताना ते डोळे मिटून बसले होते. मग तसेच, डोळे मिटूनच म्हणाले,

"त्या बाईंना थंडी वाजत होती का गं?"

मी विचारलं, कुठल्या बाईंना. पण मला कळलं होतं.

"तुझ्या मुनिरक्याच्या. हीटर पुढे होता. पाठीला काहीच नव्हतं आणि पाठीशी दार. मी ते उघडं टाकून उभा राहिलो मूर्खासारखा. त्यांच्या पाठीवर काटा आलेला मला दिसला." तांब्या माझ्या हातातच होता. बाबा थांबून थांबून बोलत होते. "जाऊन माफी मागावी असं फार वाटलं. पण काय तोंडाने जाणार. फार लाज वाटली मला माझीच."

मी म्हटलं, मला वाटलं होतं तुम्हाला माझी लाज वाटली.

त्यांनी डोळे उघडले. "तुझी? तू तर तुझं काम करत होतीस. तुझी कशाला?"

मी तांब्या खाली ठेवला. इतक्या वर्षांचं एक ओझं उतरायला हवं होतं, आणि उतरलंही, पण त्याच्या खाली दुसरं निघालं. पाठीवरचे ते बारीक दाणे. मी कित्येक रविवार टिपटिप करून काढले, शाबासकी घेतली, आठवडाभर मिरवली. ती बाई गारठली होती. बाबांना हे चष्मा पुसून एकदा बघितल्यावर कळलं. मला सगळा हिवाळा बघूनही कळलं नव्हतं, मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी बाबांना हे सांगितलं. ते ओला हात माझ्या मनगटावर ठेवून बसले. पाणी निवायला लागलं तेव्हा म्हणाले, घाल लवकर.

अंग पुसून त्यांना परत पलंगावर आणलं. खिडकीत धुक्यातून थोडं ऊन आलं होतं, तिळगुळाच्या डब्यावर पडलं होतं. मी धुतलेला शर्ट पुढे केला. त्यांनी तो घेतला, मांडीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. बोर्ड पलंगाशी भिंतीला टेकून उभा होता. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काढायचं असेल तर काढ," ते म्हणाले. "पण हीटर माझ्या पाठीकडे लाव."

मी हीटर उचलून पाठीकडे लावला, हात धरून बघितला, ऊब पोचतेय ना ते विचारलं. पोचतेय, म्हणाले. घरात कोळसा नव्हता, मागे राहायला आलेल्या भाचीची विसरलेली पेन्सिल होती. बाबांनी कानापर्यंत लाजून खिडकीकडे मान वळवली. मीही लाजले, आणि बघायला लागले.